मीठ माझ्या हातात होतं

माझी दाढी करताना इसाकचा वस्तरा डाव्या गालावर आला की हळू होतो. तिथे देवीचे वण दाट आहेत. इसाक फार सभ्य माणूस, तो त्यांना खड्डे म्हणत नाही. "साहेब, तुमच्या कोपऱ्यांत साबण राहून जातो," म्हणतो आणि अंगठ्याने कातडी ताणून एकेक कोपरा साफ करतो. एकसष्ट सालच्या जानेवारीतल्या एका शनिवारी तो असाच कोपऱ्यांत गुंतला होता आणि मी समोरच्या आरशात माझ्या पाठीमागच्या भिंतीवरचं नवं कॅलेंडर बघत होतो. कुठल्याशा रंगांच्या कंपनीचं होतं. चित्रात किल्ल्यासारखं एक घर, दोन बुरूज, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेली बाग, कातरून मोर आणि हत्ती केलेली झुडपं, आणि सगळ्यात खाली एक गोल तळं. आरशात सगळं उलटं. मी ड्राफ्ट्समन आहे, ट्रेसिंगचा कागद उलट्या बाजूने वाचायची सवय आहे. त्यामुळे नकळत मी ते चित्र मनातल्या मनात सुलटं केलं, आणि तळ्याच्या काठावरचं एक झाड, कमरेत वाकून पुन्हा सरळ झालेलं, आपल्या जागेवर आलं. उंडीचं झाड. आमच्या परसातलं. माझी मान हलली असावी, कारण इसाक "अरे अरे" म्हणाला आणि तुरटी आणायला धावला.

रक्त थांबेपर्यंत मी चित्राखालची ओळ वाचली. मोरा कॅसल, उरण, ऐतिहासिक किल्ला आणि शोभेची बाग. म्हणजे आता लोक तिकीट काढून ते बघायला जात होते. माझ्या लहानपणी तो नुसता किल्ला होता. फिरंग्यांनी कधीतरी बांधलेला आणि मग सगळ्यांनीच विसरून गेलेला, आत करवंदीच्या जाळ्या आणि शेळ्या. खाली उतारावर आमची वाडी. मग मुंबईच्या एका शेठला तो किल्ला आवडला. त्याने पडक्या भिंती उभ्या केल्या, बुरुजांच्या मधे घर बांधलं, आणि घर म्हटलं की बाग हवी म्हणून वाडी घेतली. जुलूमजबरदस्ती काही नाही. पैसे दिले, बंदराजवळ दुसरी जागा दिली, सामान न्यायला बैलगाड्यासुद्धा दिल्या. माझा बा त्या शेठला शेवटपर्यंत चांगला माणूस म्हणत असे. आता शेठ नव्हता, त्याच्या वारसांनी सगळं लोकांना खुलं केलं होतं. "ओळखीची जागा काय साहेब?" इसाकने विचारलं. "नाही," मी म्हणालो, "चित्र चांगलं आहे."

घरी मात्र बोलून गेलो. आमच्या माझगावच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आई दाराच्या उजेडाला बसून सुके बोंबील निवडत होती, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि पुढच्या आठवड्यात इस्पितळात खाट मिळायची होती. माझी बायको जमुना माझ्या गालाकडे बघून म्हणाली, "आज काय झालं? इसाकचं लक्ष कुठं होतं?" मी म्हणालो, त्याचं होतं, माझंच नव्हतं, आणि कॅलेंडरची गोष्ट सांगितली. सांगताना जरा गमतीनेच सांगितली, की आपल्या परसात आता हत्ती चरतायत, झुडपांचे. जमुना हसली. आईची बोटं बोंबलांवर थांबली.

"उंडी हाय आजून?" तिने विचारलं.

"आहे. चित्रात तरी आहे."

"मना न्ये."

"आई, आधी डोळ्यांचं होऊ दे," जमुना म्हणाली. "मग सगळं नीट दिसेल, तेव्हा जाऊ आपण सगळे."

"आन नाय दिसला मंग? आपरेशन बिगारला तं?" आई म्हणाली. "हाय तवर बगून येते. रामा, उद्या न्ये मना."

आई माझ्याकडे कधी काही मागत नाही. लुगडंसुद्धा जमुनाच आठवणीने आणते. त्यामुळे मी हो म्हणालो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला स्वतःचाच थोडा राग आला. ती काय बघायला निघाली आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त ते ती तोंडाने म्हणेल असं वाटलं नव्हतं.

तिने ते लाँचमध्ये म्हटलं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच सुटली, मुंबई मागे पडून धुरकट झाली, आणि आई कठड्याला न धरता, पाण्यावरच जन्मल्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आसपास सहलीला निघालेली मंडळी. एका गुजराती कुटुंबाने डबे उघडले होते, काही कॉलेजातली मुलं ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेट ऐकत होती. पिशवीतून दुधाची काचेची बाटली डोकावत होती, सरकारी केंद्रावरची, पत्र्याच्या झाकणाची. मला वाटलं तिला चहा लागेल म्हणून जमुनाने दिली असेल. आई म्हणाली, "कमळी कुठं हाय ती मना दाव."

कमळी माझी धाकटी बहीण. दात यायच्या आत गेली. वाडीत देवीची साथ आली होती त्या वर्षी. देवीने गेलेलं माणूस आमच्याकडे जाळत नाहीत, आणि दात न आलेलं मूल तर नाहीच नाही. पुरतात, वर मीठ घालून. बाया जात नाहीत. बाने तिला उचलून नेलं आणि परसाच्या कडेला कुठेतरी ठेवलं, आणि नंतर त्यावर कुणी बोललं नाही. आईने विचारायचं नाही आणि बाने सांगायचं नाही, असंच असतं ते. वाडी उठली तेव्हाही आईने विचारलं नाही. बा गेला तेव्हा मला वाटतं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तोपर्यंत त्याची वाचा गेली होती. आमच्या घरात कमळी हे नाव मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. लाँचच्या इंजिनाच्या आवाजात ते पहिल्यांदा ऐकलं आणि मला वाटलं आईने दुसऱ्याच कुणाची तरी चौकशी केली.

"तुज्या बानं तुना सांगितला आसंल," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "दाखवतो."

आईने मान हलवली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी पाण्याकडे बघायला लागलो. सुटका म्हणतात ती तशी असते.

मला खरंच माहीत होतं. माझ्याकडे लहानपणाच्या आठवणी फार नाहीत, पण ही एक आहे आणि ती अगदी चोख आहे, शाई वाळलेल्या नकाशासारखी. दुपारची वेळ. बा पुढे, त्याच्या हातांवर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी, इतकं लहान की कोपरापर्यंतही पोचत नाही. मी मागे. माझ्या दोन्ही हातांत पानांचा द्रोण, द्रोणात मीठ. आगरातलं जाडं, करड्या रंगाचं मीठ. माझे तळवे चुरचुरतात, मिठाने असणार, पण द्रोण सोडायचा नाही. कडुलिंबाचा कडू वास. उंडीचं वाकडं खोड डावीकडे, विहीर समोर, दोन्हींच्या मधे बा खणतो. मग बा म्हणतो, टाक, आणि मी मीठ टाकतो. मग कुणीतरी म्हणतं, रडायचं नाही. बाच म्हणत असणार, दुसरं कोण होतं तिथे? आणि मी रडत नाही. हे मला नेहमी विशेष वाटत आलं आहे. एवढंसं पोर आणि ते रडलं नाही. पुढे पुढे मला असं वाटायला लागलं की माझ्या स्वभावाची पायाभरणी त्या दुपारी झाली. इतर मुलं खेळत होती तेव्हा मला बाने माणसांत घेतलं, माझ्या हातात मीठ दिलं आणि एक नियम दिला. तो मी पाळला. बा गेला तेव्हा मी तिरडीचे बांबू मोजूनमापून घेतले, लाकडांचा भाव केला, आलेल्या प्रत्येकाला पाणी दिलं. लोक म्हणाले, मुलगा खंबीर आहे. जमुना त्या रात्री म्हणाली, "तुम्ही लाकडाचे आहात का हो?" ती वाईट बाई नाही, तिला खरंच कळत नव्हतं. तिला मी ती दुपार सांगितली असती तर कळलं असतं, पण सांगितली नाही. काही गोष्टी सांगितल्या की हलक्या होतात, आणि मला ती हलकी करायची नव्हती. ती माझी होती. वणांचं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, पुढच्या वर्षी मलाही आल्या देवी, पण मी वाचलो. पुढच्या वर्षी हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी तसं धरून चाललो होतो, कारण त्या दुपारी मी बाच्या मागे चालत होतो.

मोऱ्याला ओहोटी होती. लाँच लांब उभी राहिली आणि आम्हाला मचव्यातून धक्क्यावर आणलं. कोळीवाड्यात ओळखीची घरं आहेत, आईची मावसबहीण शेवंताबाई अजून तिथेच राहते, पण आई थांबली नाही. "येताना," म्हणाली. वाळत घातलेल्या मासळीच्या वासातून आम्ही टेकडीची वाट धरली. वाट आता डांबरी होती आणि दोन्ही कडांना चुना मारलेले दगड. फाटकाशी खाकी कपड्यातला पहारेकरी तिकिटं फाडत होता. त्याच्या छातीवर हिरामण असं नाव शिवलेलं होतं. बोलण्यावरून इथलाच. वर पाटी, फुलं तोडू नयेत, गवतावर बसू नये, मुलांना कारंज्याजवळ सोडू नये. हिरामणने आईच्या पिशवीत डोकावून बाटली बघितली.

"आये, दूध कुनाला?"

"पोरीला," आई म्हणाली.

"पोर कुठं हाय?"

"आत हाय. म्होरं गेली."

त्याने मान डोलावली आणि तिकीट फाडलं. मी आईकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

आधी घर बघायचं असतं, बाग नंतर, तसा बाणच काढला होता. आम्ही बाणामागून गेलो. मला घाई नव्हती, खरं सांगायचं तर लांबवता येईल तेवढं मी लांबवत होतो. दिवाणखान्यात झुंबरं, भिंतीवर हरणांची शिंगं, शेठचं तैलचित्र. काचेच्या कपाटात फिरंग्यांच्या तोफेचे गोळे ठेवले होते, काळे, तेल लावून चमकवलेले. आम्ही त्यांनी गोट्यांसारखे खेळत असू, दोघांनी मिळून एक ढकलायचा. धंद्याच्या नजरेने मी घर बघितलं. बुरूज खरे होते पण त्यांच्यावरचे कंगोरे नवे, सिमेंटचे, आणि खिडक्यांच्या कमानी तीन वेगवेगळ्या देशांतून आणल्यासारख्या. तरीही एकंदर वाईट दिसत नव्हतं. माणसाला काहीतरी मनापासून हवं असतं तेव्हा त्याची चूकही थोडी शोभून दिसते. आईने दोरीच्या पलीकडच्या शेठच्या पलंगाकडे बोट केलं.

"हितं कोन निजतो?"

"कोणी नाही आता."

"मंग मच्छरदानी कनाला?" ती म्हणाली. कॉलेजातली मुलं हसली. मलाही हसू आलं.

बाहेर आल्यावर बाग एकदम पायाखाली उलगडली. कॅलेंडरवाल्याने खोटं काही केलं नव्हतं. गवताचे चौकोन, त्यांना विटांच्या कडा, मधून मधून संगमरवरी बाया खांद्यावर घडे घेऊन उभ्या, मोर, हत्ती, एक उंटसुद्धा. माळ्याने सकाळीच कातरलेलं असावं, उंटाच्या पायाशी हिरवा चुरा पडला होता. आम्ही पायऱ्या उतरायला लागलो. मी मनात जुना नकाशा काढला आणि या नव्यावर ठेवून बघू लागलो. जानूकाकाचं घर इथे, गुलाबांच्या ताटव्यात. वाडीची वाट या कारंज्याच्या पोटातून. पण नकाशे जुळत नव्हते. मूळ उतार एकसंध होता, आता त्याचे टप्पे पाडले होते. कुठे भर घातली होती, कुठे माती काढून नेली होती. किती काढली आणि कुठे टाकली हे कोण सांगणार? माझ्या व्यवसायात याला लेव्हल बदलली म्हणतात आणि एकदा लेव्हल बदलली की जुन्या खुणांना अर्थ राहत नाही. मला हे कालच सुचायला हवं होतं. आई माझ्या मनगटाला धरून एकेक पायरी पायाने चाचपत उतरत होती. मधेच थांबली. "हितं चढ व्हता आपल्या," म्हणाली. "पान्याचा हांडा घेऊन दम लागं." मग पुढची पायरी सपाट लागली.

उंडी मात्र होती. तिच्याभोवती सिमेंटचा गोल पार केला होता आणि खोडाला पत्र्याची पट्टी ठोकली होती, तीवर तिचं कुठल्यातरी परक्या भाषेतलं नाव. आईने पट्टीवरून हात फिरवला, मग पट्टीच्या खाली, खोड वाकतं तिथे, आणि हात तिथेच राहू दिला. खाली गोल फळं पडली होती. ह्याच फळांचं तेल आमच्या दिव्यात जळायचं, त्याचा धूर डोळ्यांना झोंबायचा. आईने एक फळ उचलून नाकाशी धरलं. "हीच," म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला क्षणभर हे सगळं सोपं वाटलं.

मग ती माझ्याकडे वळून उभी राहिली. वाट बघत.

विहीर नव्हती. तळं होतं तिथेच ती असणार, विहिरीलाच रुंद करून तळं केलं असणार, असा मी अंदाज बांधला. म्हणजे उंडी आणि विहीर यांच्या मधली जागा एक तर पाण्यात गेली, किंवा काठावर. काठावर लाल कर्दळीचा वाफा होता, वाफ्याच्या अलीकडे गवताची पट्टी. मला मोजपट्टी लागते, दोन बिंदू लागतात, अंदाजाने मी आयुष्यात एक गटारसुद्धा आखलेलं नाही. पण आई उभी होती. तिच्या ढगाळ डोळ्यांना मी दिसत होतो की नुसता माझा आकार, कोण जाणे. आणि शिवाय माझ्याकडे ती दुपार होती. ती काही खोटं सांगणार नव्हती. खोड डावीकडे. पाणी समोर.

"इथे," मी कर्दळीच्या वाफ्याजवळ बोट दाखवून म्हणालो.

आई गेली आणि गवताच्या कडेला वाकून बघू लागली. दिसण्यासारखं काही नव्हतंच. मग न वळता तिने विचारलं, "बानं सांगितला तुना? मरायच्या आदी?"

"बाने कशाला सांगायला हवं? मी होतो की त्याच्याबरोबर. मीठ माझ्या हातात होतं."

आता ती वळली. "तू?"

"हो. द्रोणात. बा म्हणाला टाक, मग मी टाकलं. तू घरात होतीस."

"मी घरान व्हते," आई म्हणाली. सावकाश म्हणाली, जसं लहान मुलाला सांगतात. "तू पन घरानच व्हतास. माज्या मांडीव."

मी म्हणालो, तिला नीट आठवत नसेल, खूप वर्षं झाली. म्हणालो की मी मोठा होतो, मला सगळं आठवतं, कडुलिंबाचा वाससुद्धा.

"लिंब हितं कुठं व्हता?" आई म्हणाली. "ही उंडी, पलीकडं चिंच. लिंबाचा पाला तुज्या बा शेजारच्या वाडीतनं आनायचा. पाल्यावं निजवला व्हता तुना. दोगांना एकदमच आल्या व्हत्या देवी. तिच्या आंगभर, तुज्या तोंडाव आन हातांव जास्त. खाजवशील म्हनून तुजं हात फडक्यान बांदून ठेवलं व्हतं मी." तिने स्वतःचे दोन्ही हात मुठी करून समोर धरले, बांधल्यासारखे. "त्या हातांन तू मीठ कसा घेशील, रामा?"

तळ्यातलं कारंजं कुणीतरी सुरू केलं. मुलांनी ओरडून टाळ्या वाजवल्या. मी माझे तळवे बघितले, बघण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं.

"मग मीठ?" मी विचारलं. हा प्रश्न किती खुळचट आहे हे विचारतानाच कळत होतं.

"मीठ तू मागत व्हतास. देवी घरान आसली का सगल्यांनी आळनी जेवायचा. तू भाताला तोंड लावीत नव्हतास. मीठ दे, मीठ दे, म्हनून जीव काडलास."

"आणि रडायचं नाही, असं बा..."

"बा नाय. मी." ती थांबली. "बानं तिला उचलली, दाराभायेर न्हेली, तवा तू बगितलास. भोंगा पसरलास. मी तुज्या तोंडाव हात ठेवला. म्हटला, देवी घरान हाय, रडायचा नाय. तिला राग येल. एक न्हेली, दुसरा पन न्हेल. मी पन नाय रडले. तुना मांडीव घेऊन बसले आन भिताडाकडं बगत ऱ्हायले."

मी गालाला हात लावला. कालची इसाकची जखम हाताला लागली, आणि तिच्या आजूबाजूला ते कोपरे, रोज सकाळी आरशात दिसणारे. इतकी वर्षं पुरावा तोंडावर घेऊन मी हिंडत होतो. माणसाने दुसऱ्याचे नकाशे तपासावेत आणि स्वतःचा असा डोळे मिटून खरा मानावा, याचं मला आश्चर्यही नीट वाटेना. माझी एकुलती एक चोख आठवण म्हणजे बांधलेल्या हातांच्या, तापाने फणफणलेल्या पोराने पाल्यावर पडून रचलेली गोष्ट होती. मला कुणी माणसांत घेतलं नव्हतं. कुणी नियम दिला नव्हता. तोंडावर एक घाबरलेला हात होता, आणि तो हात मी आजपर्यंत काढलाच नव्हता. मला फार एकटं वाटलं, आणि त्या माणसाचं, तो बाचे बांबू मोजणारा मी, त्याचं वाईट वाटलं.

"मग मला माहीत नाही, आये," मी म्हणालो. "जागा मला माहीत नाही. कुणालाच नाही आता."

मला वाटलं, संपलं. ती एवढ्या लांब आली आणि मी तिच्या हातातलं होतं तेही काढून घेतलं. पुढच्या आठवड्यात डोळ्यांवर पट्टी बांधून ती खाटेवर पडेल तेव्हा तिच्यापुढे हेच असेल, कुठेच नाही.

"देवी गेली मंग," ती म्हणाली, जणू मधे मी काही बोललोच नव्हतो. "तुना न्हाऊ घातला, देवीला निवद दावला, वाटंला लावली. पोर वाचला म्हनून लोक नारल घेऊन याला लागले. आख्खी वाडी आली. त्यांच्याम्होरं कशी रडू? तोंड गोड करायचा का रडायचा?" तिने पिशवीतून बाटली काढली. "मंग रडायचा ऱ्हायला त्यो ऱ्हायलाच."

"आये, पण ही जागा ती नाही."

"तू दावलास ना?" आई म्हणाली. "मंग हितंच."

तिने पत्र्याचं झाकण नखाने उचकटलं, गवतावर बसली, आणि कर्दळीच्या मुळाशी दूध सोडलं, एकदम नव्हे, थांबून थांबून, पाजतात तसं. माती कोरडी होती, लगेच पीत होती. बाटली रिकामी झाल्यावर तिने ती उलटी करून हलवली, थेंब झटकला, नीट झाकण लावून पिशवीत ठेवली. मग पदर तोंडावर घेतला आणि गळा काढला. आमच्याकडच्या बाया रडतात तशी, शब्दांनी, गेलेल्याला हाक मारून मारून. कमळे, माजे बाय, तुना भूक लागली आसंल गो. कमळे, तुज्या आंगाला पानी नाय लागला गो. गुजराती कुटुंबातल्या बाईने आपल्या लहान मुलाला जवळ ओढलं. मी नेहमीप्रमाणे आजूबाजूला बघितलं, कुणाला पाणी द्यायचं आहे का, काही मोजायचं आहे का. काही नव्हतं. मी बुटांसकट गवतावर तिच्याजवळ बसलो. तिने रडता रडताच हात लांब केला आणि माझं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, मग डावा गाल, आणि या वेळी तो हात तोंडावर थांबला नाही, बाजूला झाला. मग माझ्याकडूनही आवाज आला. तो मला ओळखीचा नव्हता. गालावरच्या कोपऱ्यांत पाणी साचून मग खाली जात होतं.

पायऱ्यांवरून बूट वाजवत हिरामण खाली आला. "ओ, गवतावं बसायला..." म्हणेपर्यंत त्याने आईचं रडणं ऐकलं. तो इथलाच होता, हे रडणं कशाचं असतं हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याजवळ वाकला.

"कोन गेला, दादा?"

"बहीण," मी म्हणालो. "धाकटी."

"कवा?"

"आत्ताच."